रस्त्याकडच्या चार ओळी

"थुंका, सर," प्रणिता म्हणाली.

"कुठे?"

"बादलीत. तोंडात घोळवायची, नाकाने श्वास सोडायचा आणि थुंकायची."

मी आधीच गिळली होती. सकाळचे पावणेआठ वाजले होते आणि पोटात फक्त पोहे होते. मराठीच्या अध्यापकाने इतक्या सकाळी आपल्या विद्यार्थिनीच्या हातची वाइन घ्यावी का, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात वाइन आपली आपणच खाली उतरली.

"गिळली ना?"

"चव नीट कळावी म्हणून."

"सर, आज बाई येणार आहेत. आज तरी शुद्धीत राहा. अजून तीन आहेत."

मी शुद्धीत राहिलो. म्हणजे पुढच्या तिन्ही थुंकलो, आणि तिसऱ्या वेळी तर बादलीतच.

ही गोष्ट २००८ च्या फेब्रुवारीतली. तेव्हा मी निफाड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचो. तासिका तत्त्व म्हणजे घंटा वाजली तर पगार. प्रणिता गायधनीला मी अकरावीला अलंकार शिकवले होते. ते तिने परीक्षेनंतर लगेच विसरून टाकले आणि पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन दोन वर्षं वाइन करायला शिकली. परत येऊन तिने पहिली वाइन केली, तेव्हा तिला बाटलीवर लावायच्या चिठ्ठीसाठी मराठी मजकूर हवा होता. शिवाय कोणत्या महिन्यात कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, याचं एक पत्रकही. आमच्या तालुक्यात असलं काही लिहिणारा माणूस नव्हता, म्हणून ती माझ्याकडे आली. मला वाइनमधलं काही कळत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "सर, तुम्हाला जेवणातलं कळतं ना?" तो आरोप मला नाकारता आला नाही.

तिचे वडील रंगनाथ गायधनी, सगळ्या गावाचे नाना, हे द्राक्षातले मोठे माणूस. त्यांचं थॉमसन जातीचं खायचं द्राक्ष परदेशी जायचं. मणी असा की अंगठा त्याच्याशेजारी किरकोळ वाटावा. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूण चालायचा, पण मांसमच्छी आणि दारूचं नाव नाही. अशा माणसाने घराशेजारची तीन एकर पोरीला वाइनच्या द्राक्षांसाठी दिली, याचं गावाला नवल होतं. पण देताना नानांनी अट घातली होती. ती मी त्यांच्याच तोंडून ऐकली होती.

"तीन वर्षं तुझी. तिसऱ्या वर्षी तोडणीपर्यंत तुझा माल घेणारा कुणी खात्रीचा मिळाला, तर बाग तुझी. नाही मिळाला, तर एप्रिलच्या छाटणीला मी करवत घेऊन येणार. वेली वरून कापायच्या आणि त्यांच्यावर थॉमसनचं कलम बांधायचं. मग रडायचं नाही."

"नाही रडणार," प्रणिता म्हणाली होती.

हे तिसरं वर्ष होतं, तोडणी सुरू झाली होती, आणि खात्रीचा माणूस म्हणजे मुंबईच्या ऊर्मिला विजयकर. सात हॉटेलांसाठी वाइन निवडणाऱ्या बाई. त्या आज येणार होत्या. पुढच्या वर्षी नाही, पुढच्या महिन्यात नाही, आज. त्यामुळे प्रणिताने पहाटेपासून तीनदा कपडे बदलले होते आणि शेवटी पहिलेच घातले होते.

बाहेर तोडणीची धांदल उडाली होती. वाइनचं द्राक्ष ऊन चढायच्या आत तोडावं लागतं, म्हणून बायका दिवस उगवतानाच विहिरीकडच्या ओळींत शिरल्या होत्या. कात्र्यांची कटकट आणि घड क्रेटमध्ये पडल्याचा मऊ आवाज ऐकू येत होता. ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला तिघे जण तीन दिशांना वळायला सांगत होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच तोडणी बघत होतो आणि लग्नघरात आल्यासारखा मला उगाचच उत्साह आला होता. मी एक क्रेट उचलायला गेलो, तर एक बाई म्हणाली, "सर, ऱ्हाऊ द्या, तुमचा सदरा इस्त्रीचा हाये." मी ठेवला. ती माझी तोपर्यंतची तोडणी.

विजयकरबाई साडेनऊला उतरल्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, पांढरे केस कापलेल्या आणि पायांत गमबूट. मुंबईहून गमबूट घालून आलेली बाई बघून नानांचं अर्धं मत तिथेच बदललं. उरलेलं अर्धं शेडमध्ये बदललं.

शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चार स्टीलच्या टाक्या. दोन टाक्यांत मागच्या वर्षीची पांढरी होती. प्रणिताने ती एकत्र केली नव्हती. विहिरीकडच्या ओळींची एका टाकीत आणि रस्त्याकडच्या चार ओळींची दुसऱ्या टाकीत. तिसऱ्या टाकीत मागच्या वर्षीची लाल, आणि चौथीत चार दिवसांपूर्वीच्या तोडणीचा रस बुडबुडत होता. बाईंनी आधी लाल घेतली, तोंडात घोळवली, डोळे मिटले आणि तीन फुटांवरून नेमकी फरशीतल्या नालीत पिचकारी टाकली. एक थेंब इकडेतिकडे नाही.

नाना दारात हात मागे बांधून उभे होते.

"आवडली नाही का?" त्यांनी विचारलं.

"छान आहे."

"मग थुंकली का?"

"कामावर असताना मी गिळत नाही, नाना. दिवसाला चाळीस चाखायच्या असतात. गिळत बसले तर अकराव्या वाइनला मी तुमच्या ट्रॅक्टरलाही पहिला नंबर देईन."

"म्हणजे तुम्ही पीत नाही."

"कामावर नाही."

नाना यावर बराच वेळ विचार करत राहिले. आमच्या तालुक्यात तंबाखूमुळे थुंकण्याच्या कलेचा चांगलाच विकास झालेला आहे, पण त्यात कुणी सात हॉटेलांची नोकरी करू शकतं, ही कल्पना त्यांना नवी होती.

"बाकीच्या जेवताना बघते," बाई म्हणाल्या. "नुसती चाखून वाइन कळत नाही. ती जेवणाशी कशी वागते, ते बघावं लागतं. काय केलंय?"

प्रणिताने माझ्याकडे बघितलं. मी सिंधूकाकूंकडे बघितलं. सिंधूकाकू म्हणजे प्रणिताची आई. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं मटण नाही होत, बाई. माळ आहे."

"मटण कुणी मागितलं? मला तुमचं जेवण हवंय."

घराच्या ओट्यावर पंगत बसली. ओटा बागेला लागून होता. पुढे रस्त्याकडच्या ओळी, त्यापलीकडे रस्ता. या वर्षीचे त्या ओळींवरचे घड अजून तोडायचे होते. मणी बारीक, गच्च, एकमेकांना चिकटलेले. नाना ओट्याच्या कडेला रस्त्याकडे पाठ करून बसले. नंतर माझ्या लक्षात आलं की ते नेहमी तसेच बसायचे.

काकूंनी पहिल्यांदा हरभऱ्याचे भाजलेले हिरवे घाटे आणले. डहाळ्यांसकट काटक्यांच्या जाळात टाकलेले, वरून काळे आणि आतून मऊ. बाई ते सोलत सोलत माझं पत्रक मोठ्यांदा वाचू लागल्या.

"'पौष. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. सोबत लाल वाइन, विहिरीच्या पाण्याइतकी गार करून.' बरोबर. 'चैत्र. कैरीची डाळ. सोबत पांढरी, पण कैरी फार आंबट निघाल्यास दोघींना शेजारी बसवू नये.' हे कुणी लिहिलं?"

"मी."

"'वैशाख. आमरस. सोबत काहीही घेऊ नये. आमरस दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही.' शंभर टक्के खरं. माझ्या शेफला हे सांगायला मला चार वर्षं लागली. 'आषाढ. तळण. कापण्या, भजी. सोबत बुडबुड्यांची पांढरी. ती तेलाचा हात धुऊन काढते.' 'श्रावण. हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे.'" बाई हसायला लागल्या, त्या थांबेचनात. "कुलथे सर, श्रावणात आमच्या सातही हॉटेलांचा धंदा बसतो. एका पानात सांगून मोकळे झालात!"

एवढ्या मोठ्या माणसाने माझ्या लिखाणाला हसावं, ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ घटना होती. मी विनयाने खाली बघितलं. विनय मला चांगला जमतो.

मग पाटवडीचा रस्सा आला. तर्री अशी की ताटलीच्या कडेने लाल रेघ उमटावी. बाईंनी एक वडी खाल्ली, भाकरीचा तुकडा बुडवला, वर लाल वाइन घेतली आणि एकदम हात वर केला.

"थांबा. कुणी बोलू नका."

सगळे थांबले. काकूंचा वाढायचा हातसुद्धा.

"परत वाढा," बाई म्हणाल्या. "हीच वडी. आणि ती लाल. अगं मुली, ही तिखटाला घाबरत नाही! मिरीसारखी चव आहे, आणि रश्शातला भाजलेला खोबऱ्या-कांद्याचा मसाला वर उचलून धरतेय. परदेशी पुस्तकं हिच्यासोबत कोकरू सांगतात. कोकरू कशाला? हे आहे की!"

"भाकरी गार होतीय, बाई," काकू म्हणाल्या. पण त्यांना पदर सावरावा लागला इतका आनंद झाला होता.

प्रणिता नुसती चमकत होती. एका हाताने ओतत होती, दुसऱ्या हाताने ठेचा पुढे करत होती, मध्येच उठून शेडमध्ये पळत जाऊन येत होती. मीसुद्धा काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, पण मोठ्यांदा बोललो. एकटे नाना खाली बघून भाकरी मोडत होते. लालचं जमतंय हे त्यांना दिसत होतं. पण लाल होती एकरभर. उरलेली दोन एकर पांढरी होती, आणि करवतीचा निकाल तिच्यावर लागणार होता.

शेवटी पांढऱ्या आल्या. दोन ग्लास शेजारी शेजारी.

पहिला ग्लास विहिरीकडचा. बाईंनी घाटा खाल्ला, घोट घेतला आणि मान डोलावली. "सुरेख. पेरू, थोडी हिरवी चिंच, आणि मागे मध. ही मी घेणार."

दुसरा रस्त्याकडचा. घोट. मग पुन्हा घोट. थुंकल्या आणि ग्लास खाली ठेवला.

"ही कुणाची?"

"माझीच," प्रणिता म्हणाली. "द्राक्ष तेच. बाग तीच. एकाच आठवड्यात तोडलं."

"ही अशक्त आहे. आंबट आहे आणि मागे काहीच नाही. बोलायला सुरुवात करते आणि वाक्य अर्धं सोडून निघून जाते. काय झालं?"

"माहीत नाही," प्रणिता म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?"

"तोडताना साखर कमी भरली, एवढं माहीत आहे. तीन अंश कमी. पण का, ते वर्षभर शोधतेय. माती दोनदा तपासली, पानं पुण्याला पाठवली, मुळं उकरून बघितली. विहिरीकडं आणि रस्त्याकडं सगळं सारखंच आहे." ती थांबली. "चूक माझीच असणार, बाई. मला अजून जमलेलं नाही."

बाईंनी चष्मा काढला. त्या कठोर नव्हत्या, हे मला सांगितलं पाहिजे. कठोर असत्या तर बरं झालं असतं. आम्हाला त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

"हे बघ, प्रणिता. चूक मला चालते. दर वर्षी कुणाची ना कुणाची होते. पण कारण माहीत नसलेली चूक मला चालत नाही. ती पुढच्या वर्षी कुठल्या टाकीत उगवेल ते तुला सांगता येणार नाही, आणि मी सात हॉटेलांना शब्द दिलेला असेल. तोपर्यंत पांढरी कुठलीच नको. कारण सापडलं की मला कळव. एका वर्षाने, दोन वर्षांनी. मी परत येईन."

एका वर्षाने, दोन वर्षांनी! एप्रिल सहा आठवड्यांवर होता.

प्रणिता रिकामा ग्लास बोटांनी फिरवत होती. आता नानांनी फक्त बसून राहायचं होतं. एक शब्द न बोलता दोन एकर थॉमसन त्यांच्याकडे परत चालत येत होतं, आणि अट त्यांनी मोडली असं कुणी म्हणूही शकलं नसतं.

"ते दुसरं इकडं द्या," नाना म्हणाले.

"काय?" काकू म्हणाल्या.

"ग्लास."

"अहो, गळ्यात माळ आहे!"

"गिळायचं कुठं आहे? बाई म्हणाल्या ना, थुंकलं तर ते पिणं नव्हं, काम."

"मी अगदी असं म्हटलं नव्हतं," बाई म्हणाल्या. मग जरा विचार करून, "पण आहे खरं तसंच."

नानांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. चूळ भरावी तशी तोंडात घेतली, गाल फुगवले, आणि ओट्यावरून बागेत अशी लांब पिचकारी टाकली की विजयकरबाईंनी व्यावसायिक कौतुकाने मान हलवली.

"यात पाणी आहे," नाना म्हणाले.

प्रणिता ताडकन उठली. "नाना! मी थेंबभर पाणी घातलेलं नाही! बाईंसमोर काय बोलताय तुम्ही?"

"तू नाही. मी घातलं."

"टाकीत?"

"बागेत."

नंतरचं सगळं नानांनी अंगणाकडे बघत सांगितलं. मागच्या हंगामात, तोडणीआधीच्या डिसेंबरात, प्रणिताने वेलींचं पाणी तोडलं होतं. वाइनच्या द्राक्षाला तहान लावावी लागते, मणी बारीक राहतो, रस घट्ट होतो, हे तिने त्यांना समजावलं होतं आणि ते त्यांना समजलंही होतं.

"पण विहिरीकडच्या ओळी कुणाला दिसत नाहीत," नाना म्हणाले. "या चार ओळी सगळ्या गावाला दिसतात. तीस वर्षं द्राक्ष लावतोय मी. आणि माझ्या दारात हे असं, ज्वारीच्या दाण्यासारखं! तो पलीकडचा बागवाला ढोमसे रोज मोटारसायकल थांबवायचा, 'नाना, कुठला रोग म्हणायचा हा?' बरं, तो एकटा असता तर सोडून दिलं असतं. मग पेपरात आलं."

"काय आलं?" बाईंनी विचारलं.

"'गायधनींच्या बागेत द्राक्षांऐवजी मिरी पिकू लागली असून मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी त्वरित संपर्क साधावा.'" नानांना ते पाठ होतं. 'त्वरित'सकट. "बाजार समितीत वाचून दाखवलं लोकांनी. माझ्या तोंडावर. मग मी काय केलं, ही दुपारी शेडात गेली की या चार ओळींच्या पाण्याचा कॉक खोलायचो. तासभर. दर तिसऱ्या दिवशी. जरा मणी फुगले. लोकं गप झाली."

"आणि मी वर्षभर माती चाळत होते," प्रणिता म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "नाना, मी मुळं उकरली. तुम्ही तिथंच उभे होता. घमेलं धरून उभे होता माझ्याजवळ!"

"व्हय."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू पाणी बंद केलं असतंस."



"आणि आज का सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

नानांनी पहिल्यांदा वर बघितलं. "ती म्हणली ना, मला जमलं नाही म्हणून. तिला जमलंय. नाहीतर ते विहिरीकडचं कुणी केलंय?"

प्रणिता त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. पण रडायचं नाही असं ठरलेलं होतं, त्यामुळे ती ओरडली. चांगली पाच मिनिटं ओरडली. कॉक, विश्वास, पुण्याला पाठवलेली पानं, ढोमसे, सगळे त्यात आले. नाना मान खाली घालून ऐकत होते आणि अधूनमधून "बरोबर आहे" म्हणत होते. विजयकरबाईंनी तेवढ्या वेळात आणखी एक पाटवडी खाल्ली.

"या वर्षी दिलं का पाणी?" ओरडणं संपल्यावर त्यांनी विचारलं.

"या वर्षी कुठं देऊ? ही दुपारची पण बागेतच असते."

"एक तास, दर तिसऱ्या दिवशी," बाई म्हणाल्या आणि चष्मा घातला. "झालं तर मग. मला कारण हवं होतं, कारण मिळालं. असं कारण मला बावीस वर्षांत कुणी दिलेलं नाही, पण मातीच्या अहवालापेक्षा पक्कं आहे. विहिरीकडची सगळी मी घेते, लाल सगळी घेते, आणि या वर्षीची संपूर्ण तोडणी. तीन वर्षांचं लेखी देते. ही दुसरी मात्र नको."

"मग हिचं आम्ही काय करायचं?" काकूंनी विचारलं.

"उन्हाळ्यात गार करून पाहुण्यांना द्या."

"आमच्याकडं सगळे पाहुणे माळकरी."

यावर सगळेच हसले. नानासुद्धा. प्रणिता शेडकडे धावत गेली आणि तिथून तिने बायकांना काहीतरी ओरडून सांगितलं. मग तिकडून असा कल्ला उठला की ट्रॅक्टरवाल्याने कारण माहीत नसताना हॉर्न वाजवला. ओट्यावर सगळे एकदम बोलत होते.

मी मात्र भाकरी खात होतो. अर्धी भाकरी मी कालवणाशिवाय खाल्ली.

त्या काळात आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात 'टाचणी' या नावाने एक सदर यायचं. ते कोण लिहितं हे संपादक सोडून कुणालाही माहीत नव्हतं. मिरीचं वाक्य त्यात छापून आलं तेव्हा आमच्या प्राचार्यांनी ते शिक्षक-खोलीत दोनदा वाचून दाखवलं होतं. सगळे हसले होते, मीही सगळ्यांबरोबर हसलो होतो, जरा उशिरा, संशय येऊ नये म्हणून. 'त्वरित' हा शब्द घालायला मला वीस मिनिटं लागली होती. त्याशिवाय वाक्याला सरकारी वजन येत नव्हतं. प्रणिता पत्रकासाठी माझ्याकडे आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, आणि मी तिला कैरीच्या डाळीबद्दल सल्ला दिला होता.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. नानांना गप्प बसायचे दोन एकर मिळत होते, तरी ते बोलले. मला गप्प बसायचं काहीच मिळत नव्हतं, आणि तरी मला अर्धी भाकरी लागली.

"नाना," मी म्हणालो, "ते मिरीचं... ते मी लिहिलं होतं. टाचणी म्हणजे मीच."

शेडमधून परत आलेल्या प्रणिताने पायरीवरच पाय थांबवला. काकूंनी माझ्या ताटाकडे बघितलं. वाढलेलं परत घेता येईल का, असा काहीसा भाव होता.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस उठेल. पण ते बसल्या जागी काहीतरी हिशेब करत होते. शेवटी तो जुळला असावा.

"मग अर्धं पाणी तुमचं," ते म्हणाले.

विजयकरबाईंना एवढा ठसका लागला की त्या दिवशी प्रथमच त्यांनी वाइन गिळली.

प्रणिता हसली नाही. तिने कमरेची कात्री काढली आणि माझ्या पानाशेजारी ठेवली. "उद्या सकाळी साडेसहा. रस्त्याकडच्या चार ओळी. एकट्याने. आणि सर, इस्त्रीचा सदरा नको."

मी सव्वासहालाच गेलो. थंडी होती, पानं दवाने ओली होती आणि पहिल्या दहा मिनिटांत माझी करंगळी कापली. नाना शेजारच्या ओळीत येऊन उभे राहिले. त्यांना बोलावलं कुणी नव्हतं. "दांडी धरा, मणी नाही," ते म्हणाले. "घड वर उचला. आता कापा. हां. फेकू नका, ठेवा. पोराला पाळण्यात ठेवता ना, तसं." मला पोर नव्हतं, पण मी ठेवलं. दुसरा घड ठेवला. विसाव्या घडाला हात आपोआप चालू लागला, आणि खरं सांगतो, मला इतकी मजा यायला लागली की शिक्षा आहे हे मी विसरलो. कालच्या बायका ओळीच्या टोकाशी येऊन बघून गेल्या. एकीने दुसरीला सांगितलं, "लिवनारा हाये तो." दुसरी म्हणाली, "म्हनून येवढा येळ लागतोय."

ऊन रस्त्यावर यायला लागलं तेव्हा मोटारसायकल थांबली. ढोमसे. कानाला मफलर आणि मागे दुधाचा कॅन. त्यांनी गाडी बंदही केली नाही.

"काय सर! मिरी तोडताय का?"

माझंच वाक्य रस्त्यावरून माझ्याकडे चालत आलं होतं, आणि ऐकायला अजिबात विनोदी वाटत नव्हतं. मी काही बोलणार, तेवढ्यात नाना वेली बाजूला करून तारेपाशी गेले. त्यांच्या तळहातावर सात-आठ मणी होते.

"खाऊन बघ."

"असू द्या, नाना."

"खा म्हणतो ना."

ढोमशांनी तोंडात टाकले. चावले. बिया थुंकल्या. पुन्हा चावायला काही उरलंय का ते बघितलं.

"गोड आहे की हो!"

"बावीस," नाना म्हणाले. "काल पोरीने मोजलं. बावीस भरली साखर. तुझ्या थॉमसनला किती आहे?"

ढोमशांनी मफलर नीट केला.

"अठरा ना?" नाना तारेवर वाकले. "साडेसतरा? अरे सांग की. लाजतोस काय!"

मोटारसायकल निघून गेली. तरी नाना रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते, तळहातावर उरलेले दोन मणी घेऊन, रस्त्याकडे तोंड करून. पुढची गाडी लांबून येताना दिसत होती.